आधी विचारा, कंपाइल कोणी केले?

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर प्रोग्रामिंगची साधने बसवायची वेळ आली की वाद ठरलेला असतो. ॲप्टने भागवावे की पिप वापरावे, काँडा बरा की निक्स, लॅपटॉपवर सवयीचे झालेले होमब्रू इथेही घालावे की कसे. या वादात दिली जाणारी कारणेही ठरलेली असतात: अमुक पॅकेज मॅनेजरकडे ताजी आवृत्ती मिळते, तमुक वेगाने चालतो, तिसऱ्याच्या आज्ञा सुटसुटीत आहेत. ही सगळी कारणे लॅपटॉप आणि सर्व्हरच्या जगातून आली आहेत. तिथे इंटेल-एएमडीचा 64-बिट प्रोसेसर गृहीत धरलेला असतो आणि त्याच्यासाठी सॉफ्टवेअर कंपाइल करून ठेवण्याचे काम सगळेच करतात, त्यामुळे त्या कामाकडे कुणाचे लक्षही जात नाही. बोर्डावर हे गृहीतक कोसळते. पॅकेज मॅनेजर हा गल्ल्यावर बसलेला माणूस आहे. माल कोठारातून येतो, आणि कोठारात आपल्या मापाचा माल आहे की नाही हे गल्ल्याकडे बघून कळत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की मॅनेजर निवडताना पहिला प्रश्न एकच असावा: आपल्या हातातल्या नेमक्या प्रोसेसरसाठी ही बायनरी कोण कंपाइल करतो, आणि पुढची काही वर्षे तो ते करत राहील का?

हा प्रश्न किती जुना आहे ते रास्पबेरी पायच्या जन्मापासूनच दिसते. फेब्रुवारी 2012 मध्ये आलेल्या पहिल्या पायचा प्रोसेसर आर्म-व्ही-6 पिढीचा होता. डेबियनने त्याच सुमारास हार्डवेअर फ्लोटिंग पॉइंट वापरणारा ‘आर्म-एचएफ’ हा नवा प्रकार तयार केला, पण त्याची किमान अट आर्म-व्ही-7 ठेवली. म्हणजे डेबियनची हजारो पॅकेजेस तयार असूनही त्या वर्षीच्या सगळ्यात गाजलेल्या बोर्डाला उपयोगाची नव्हती. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी ती पॅकेजेस आर्म-व्ही-6 साठी नव्याने कंपाइल करायला घेतली आणि त्यातून रास्पबियन उभे राहिले. 2015 च्या अखेरीस पाच डॉलरला आलेला पाय झीरो त्याच जुन्या पिढीचा असल्यामुळे ही गरज आजही संपलेली नाही. घोळ असा की दोन्हीकडच्या पॅकेजांवर नाव एकच आहे, ‘आर्म-एचएफ’. नवी आवृत्ती मिळावी म्हणून कुणी पाय झीरोच्या यादीत मूळ डेबियनची रिपॉझिटरी जोडली, तर ॲप्ट काहीही तक्रार न करता पॅकेज उतरवतो, बसवतो, आणि प्रोग्राम सुरू करताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश येऊन सगळे थांबते. इथे मॅनेजरचे काहीच चुकलेले नसते. मालच दुसऱ्या प्रोसेसरच्या मापाचा असतो.

64-बिट आल्यावर हा प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटते. 2016 च्या पाय 3 पासून मुख्य मालिकेतले प्रोसेसर 64-बिट आहेत, पण 64-बिट रास्पबेरी पाय ओएस चाचणीच्या अवस्थेतून बाहेर पडली ती फेब्रुवारी 2022 मध्ये. मधल्या काळात तयार केलेली असंख्य एसडी कार्डे आजही 32-बिटच आहेत. त्यातच नव्या फर्मवेअरमुळे 32-बिट प्रणालीलाही 64-बिट कर्नल मिळतो. अशा बोर्डावर ‘यूनेम’ला प्रकार विचारला तर तो ‘ए-आर्च-64’ सांगतो. ‘डीपीकेजी’ला विचारला तर ‘आर्म-एचएफ’. खरे उत्तर दुसरे, कारण लायब्ररी सगळ्या 32-बिट असतात. पण वेबवरून उतरवून थेट चालवायच्या कितीतरी इन्स्टॉलर स्क्रिप्ट पहिल्यावर विसंबतात आणि न चालणारी बायनरी बसवून मोकळ्या होतात. निखळ 64-बिटवरही नावाने पुरते समाधान होत नाही. मोंगोडीबीला 5.0 पासून आर्म-व्ही-8.2 लागतो, आणि पाय 4 चा कॉर्टेक्स-ए-72 हा आर्म-व्ही-8.0 आहे. पाय 5 ती अट पुरी करतो, पण त्याचा मूळ कर्नल 16 किलोबाइटची मेमरी-पाने वापरतो, त्यामुळे 4 किलोबाइट धरून कंपाइल केलेले काही प्रोग्राम तिथे अडतात. त्यांच्यासाठी कॉन्फिग फाइलमधून जुना कर्नल निवडावा लागतो. ‘आर्म 64’ ही पाटी वाचून निवड केली की असे खड्डे हमखास लागतात.

या कसोटीवर पाया म्हणून ॲप्टच उतरतो. डेबियन प्रत्येक पॅकेज प्रत्येक मान्य प्रोसेसर-प्रकारासाठी स्वतःच्या यंत्रणेवर कंपाइल करते, आणि एखाद्या प्रकारावर ते होत नसेल तर ती त्रुटी प्रकाशनाच्या आधीच नोंदली जाते. 2023 च्या बुकवर्म या डेबियन आवृत्तीमध्ये अशी 64,000 हून अधिक पॅकेजेस होती. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीला, त्याच वाटेने मिळतात. बोर्डापुरते याहून मोठे कारण असे की कर्नल, फर्मवेअर, कॅमेरा आणि पिन हाताळणाऱ्या लायब्ररीही तिथूनच येतात आणि एकमेकींशी जुळवलेल्या असतात. कॅमेऱ्यासाठीची पिकॅमेरा-2 ही पायथन लायब्ररी ॲप्टनेच बसवावी असा रास्पबेरी पायचा सल्ला आहे, कारण तिच्याखालची लिबकॅमेरा प्रणालीतल्या आवृत्तीशी बांधलेली असते. पाय 5 मध्ये पिनांचा कारभार आरपी-1 या वेगळ्या चिपकडे गेला, तेव्हा वर्षानुवर्षे वापरात असलेली आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी तिथे चालेनाशी झाली. बदली लायब्ररी बुकवर्मच्या रिपॉझिटरीत होत्या, आणि जीपीआयओ-झीरोने आपला आधार बदलून घेतला होता. ज्याने बोर्ड बनवला त्याचीच ही वाट असल्याने बदल बोर्डाबरोबर पोहोचला.

पहिला आक्षेप उघड आहे: ॲप्टकडचा माल शिळा असतो. ते खरेच आहे. बुकवर्ममध्ये पायथन 3.11 आणि नोड 18 आहे. नोड 18 ला मूळ प्रकल्पाने दिलेला आधार एप्रिल 2025 मध्ये संपला. रोज नोडमध्ये काम करणाऱ्याला ‘ॲप्टवर भागव’ म्हणणे म्हणजे टाळाटाळ झाली. पण या आक्षेपातून ॲप्ट सोडावा असे निघत नाही. प्रणालीची साधने आणि प्रकल्पाची साधने वेगळी ठेवावीत एवढेच निघते. पायथनच्या जगाने हे नियमातच आणले आहे. पेप 668 नुसार बुकवर्मपासून पिप प्रणालीच्या पायथनमध्ये पॅकेज बसवायला नकार देतो. हा नकार अनेकांना जाचक वाटतो आणि ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय लावून ते पुढे जातात. त्या पर्यायाचे नावच परिणाम सांगते. योग्य वाट म्हणजे प्रकल्पागणिक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, आणि कॅमेरा किंवा पिन हाताळायच्या असतील तर त्यात प्रणालीची पॅकेजेस दिसू देण्याचा पर्याय चालू. खाली ॲप्ट, वर त्या भाषेचा स्वतःचा एक मॅनेजर, अशी दोन मजली रचना बहुतेक कामांना पुरते. तिसरा मजला चढला की कुठली लायब्ररी कोणी आणली याचा पत्ता लागत नाही.

मात्र वरच्या मजल्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे. 32-बिट पायवर पिपने नमपाय चटकन बसते याचे श्रेय पिपला नाही, पायव्हील्सला आहे. बेन नटॉल आणि डेव्ह जोन्स यांच्या या प्रकल्पात पायथनची पॅकेजेस 32-बिट पायसाठी आधीच कंपाइल करून ठेवली जातात, आणि रास्पबेरी पाय ओएसमध्ये पिपच्या कॉन्फिग फाइलीत तो पत्ता आधीच लिहिलेला असतो. आता वेगासाठी लोकप्रिय झालेला यूव्ही हा पायथनचा मॅनेजर घ्या. तो पिपची कॉन्फिग फाइल वाचतच नाही. पत्ता वेगळा दिला नाही तर यूव्हीला पायव्हील्सचा पत्ताच नसतो; मग जे पॅकेज पिपने काही सेकंदांत उतरवले असते, तेच वेगवान यूव्ही बोर्डावर मुळापासून कंपाइल करायला घेतो. 64-बिटवर हा फरक उरत नाही, कारण तिथे पायपीआय या पायथनच्या मुख्य साठ्यावरच बहुतेक मोठ्या पॅकेजांची तयार व्हील्स, म्हणजे कंपाइल केलेली पॅकेजेस, असतात. नोडने 2019 च्या 12 व्या आवृत्तीपासून आर्म-व्ही-6 च्या अधिकृत बायनरी देणे थांबवले, तेव्हापासून पाय झीरोवाल्यांची भिस्त अनधिकृत बांधणीवर आहे. रस्टचा कारभार यात सगळ्यात स्पष्ट. कोणत्या प्रोसेसरला किती हमी आहे याचे टप्पेच तिथे जाहीर असतात: 64-बिट आर्म लिनक्स 2020 च्या अखेरीस 1.49 आवृत्तीत पहिल्या टप्प्यात आले, जुना आर्म-व्ही-6 दुसऱ्यात आहे. प्रत्येक भाषेने अशी यादी ठेवली असती तर हा लेख निम्म्यात आटोपला असता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन मजल्यांची ही रचना दुसऱ्या बोर्डावर जशीच्या तशी उभी करता येत नाही. ते निक्स किंवा कंटेनरच करू शकतात. निक्सचा हा गुण वादातीत आहे. प्रत्येक पॅकेज आपापल्या अवलंबनांसह वेगळ्या जागी राहते, जुन्या स्थितीकडे परतता येते, आणि एका फाइलीवरून सगळी रचना पुन्हा उभी राहते. पण त्याचा सार्वजनिक बायनरी साठा आर्मपैकी 64-बिटसाठी आहे. 32-बिट बोर्डावर निक्स म्हणजे कंपायलरपासून सगळे स्वतः बांधणे. शिवाय पॅकेजांचा तो अवाढव्य संच नुसता वाचून सोडवायलाच शेकडो मेगाबाइट मेमरी लागते, आणि पाय झीरो-2-डब्ल्यूकडे एकूण 512 मेगाबाइट आहे. डॉकरने 32-बिट रास्पबेरी पाय ओएससाठी 28 ही शेवटची प्रमुख आवृत्ती असल्याचे जाहीर केले आहे. काँडाचा मिनीफोर्ज 64-बिट आर्मवर चांगला चालतो, 32-बिटसाठी तो नाही. होमब्रूच्या तयार बॉटल, म्हणजे बायनरी, 64-बिट आर्म लिनक्ससाठी मिळू लागल्या आहेत, 32-बिटसाठी नाहीत. तेव्हा या सगळ्यांचे म्हणणे एका अटीवर मान्य करायला हवे: बोर्ड 64-बिट असावा, मेमरी चार गिगाबाइट किंवा अधिक असावी, आणि साठवण शक्यतो एसएसडीवर असावी. ती अट पुरी होत असेल आणि एकसारखे अनेक बोर्ड सांभाळायचे असतील, तर वरच्या मजल्यावर निक्स किंवा कंटेनर ठेवण्यात शहाणपण आहे.

तिसरा आक्षेप हौशी मंडळींचा: बायनरी नाही तर नाही, बोर्डावरच कंपाइल करू. 16 गिगाबाइटच्या पाय 5 वर एखाद-दुसऱ्या पॅकेजापुरते ते ठीक. पण सी-प्लस-प्लसचे मोठे प्रकल्प कंपाइल करताना प्रत्येक कोअरमागे भरपूर मेमरी लागते. ती संपली की स्वॅप सुरू होतो, आणि स्वॅप एसडी कार्डावर असेल तर वेग जातो आणि कार्डाचे आयुष्यही झिजते. छोट्या बोर्डावर ओपनसीव्ही बांधायला तासन्‌तास लागतात, आणि पॅकेज मॅनेजरच्या नोंदीबाहेर बसवलेल्या त्या लायब्ररीला पुढची सुरक्षा-दुरुस्ती कधीच आपोआप मिळत नाही. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत तीस बोर्ड असतील तर तेच काम तीसदा करावे लागते. कंपाइल करणे अटळच असेल तर ते मोठ्या यंत्रावर, क्रॉस-कंपायलरने किंवा क्यूईएमयूच्या साहाय्याने एकदा करावे, त्याचे डेब पॅकेज किंवा व्हील बनवावे, आणि ते आपल्या छोट्या रिपॉझिटरीतून सगळ्या बोर्डांना द्यावे. असे केले की ‘कोण कंपाइल करतो’ या प्रश्नाचे उत्तर ‘आपण’ असे येते, आणि पुढच्या दुरुस्त्यांची जबाबदारीही आपलीच, हे स्पष्ट होते.

जेटसन नॅनोचे उदाहरण आमच्या म्हणण्याविरुद्ध पुढे केले जाऊ शकते. 2019 च्या या बोर्डाची ग्राफिक्स प्रोसेसर वापरणारी सगळी सामग्री जेटपॅक 4 शी, म्हणजे उबुंटू 18.04 आणि पायथन 3.6 शी जखडलेली आहे, आणि त्या उबुंटूचा नेहमीचा आधार 2023 मध्ये संपला. इथे ॲप्टला पाया मानले तर पाया कच्चाच निघतो. पण उपाय कुठून येतो ते पाहा. एनव्हिडियाने स्वतः त्या बोर्डासाठी बांधलेले कंटेनर आहेत, आणि त्यांच्या आधाराने काम करणे हाच तिथला व्यवहार्य मार्ग. म्हणजे कसोटी मोडली नाही. कंपाइल करणारा बदलला, म्हणून मॅनेजर बदलला. ॲप्ट आम्हाला पायावर लागतो तो डेबियनची यंत्रणा त्याच्यामागे उभी असते म्हणून. ती नसेल तिथे ॲप्टचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

हीच कहाणी आता रिस्क-फाइव्हवर पुन्हा घडते आहे. ऑगस्ट 2025 च्या ट्रिक्सीमध्ये डेबियनने 64-बिट रिस्क-फाइव्हला प्रथमच अधिकृत स्थान दिले आणि किमान अट आरव्ही-64-जीसी ठेवली, त्यामुळे व्हिजनफाइव्ह-2 सारखे आजचे बोर्ड आत राहिले. उबुंटूने 25.10 पासून अट आरव्हीए-23 वर नेली आणि बाजारातले बहुतेक बोर्ड बाहेर राहिले. दोन्हीकडे ॲप्टच आहे, आज्ञा त्याच आहेत, पॅकेजांची नावेही बहुतांशी तीच. फरक पडला तो कंपाइल करणाऱ्याने आखलेल्या रेषेचा. म्हणून नवा बोर्ड मागवताना कोअर आणि मेमरीचे आकडे वाचण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: त्याच्या प्रोसेसरची नेमकी पिढी, तिच्यासाठी अधिकृत बायनरी देणारे प्रकल्प, आणि त्या प्रकल्पांनी दिलेली आधाराची मुदत. ही उत्तरे हाती असली की मॅनेजरची निवड पाच मिनिटांची उरते. नसली, तर कितीही चांगला मॅनेजर निवडला तरी बोर्ड सांभाळणाऱ्याचा वेळ दुसऱ्याचे कंपाइल करण्यातच जाणार.