निकामी जहाज आणि दूरची टग

गेल्या काही वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर जे सागरी अपघात घडले, त्यांच्या बातम्यांत आग, स्फोट, तेलगळती आणि बचावाची छायाचित्रे ठळकपणे आली. त्या बातम्यांच्या शेवटच्या परिच्छेदात एखाद्या टगचे नाव असे आणि बहुतेकांनी ते वाचलेही नसेल. वस्तुतः अपघाताचे रूपांतर आपत्तीत होणार की नाही, हे पुष्कळदा त्या नावावरच ठरत होते.

9 जून 2025 रोजी कोलंबोहून न्हावा शेवाकडे निघालेल्या ‘वान हाय 503’ या सिंगापूरच्या ध्वजाखालील कंटेनर जहाजावर केरळच्या किनाऱ्यासमोर स्फोट होऊन आग भडकली. जहाजावरील 22 जणांपैकी 18 जण वाचले. चौघांचा पत्ता लागला नाही. इंजिन बंद, मालाला आग आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर किनाऱ्याच्या दिशेने, अशा अवस्थेत हे सुमारे 270 मीटर लांबीचे जहाज भरकटत होते. तटरक्षक दलाने धाडस करून त्याला एक दोर जोडून दिला. पण हवामान बिघडले आणि जहाज पुन्हा किनाऱ्याकडे सरकू लागले. अखेर 13 जूनला कोचीहून निघालेल्या नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरने बचाव कंपनीची माणसे त्या धुमसत्या जहाजावर उतरवली आणि नवा दोर ‘ऑफशोअर वॉरियर’ या नौकेच्या हाती दिला. त्यानंतरच जहाज खोल समुद्राकडे वळले. याच्या पंधरा दिवस आधी ‘एमएससी एल्सा 3’ हे 640 कंटेनर घेऊन निघालेले जहाज कोचीसमोर कलंडून बुडाले, तेव्हा ओढण्यासारखे काही उरलेच नव्हते.

गोमंतकीयांना या गोष्टीचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. 6 जून 2000 रोजी ‘रिव्हर प्रिन्सेस’ कांदोळीच्या वाळूत रुतले आणि बारा वर्षे तेथेच गंजत राहिले. त्या काळात किती निविदा निघाल्या, किती मुदती उलटल्या, विधानसभेत किती वेळा प्रश्न गाजला, याचा हिशेब आता कोणी ठेवत नाही; पण किनाऱ्याची धूप कांदोळी आणि शिकेरीच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. 30 मे 2006 रोजी कारवारजवळ ‘ओशन सेराया’ खडकावर आदळले. राज्याच्या सीमेपलीकडच्या त्या अपघाताचे तेल पोळे, गालजीबागपर्यंत आले. ऑक्टोबर 2019 मध्ये तर मुरगाव बंदराबाहेर नांगरून ठेवलेले ‘नू शी नलिनी’ हे जहाज वादळी वाऱ्यात सुटून दोनापावलला राजभवनाच्या खालच्या खडकांत येऊन अडकले. त्यात दोन हजार टनांहून अधिक नाफ्था होता आणि जहाजावर एकही माणूस नव्हता. तो नाफ्था समुद्रात सांडला नाही, हे आपले नशीब म्हणायचे.

या तिन्ही घटनांत एक समान सूत्र आहे. जहाज एकदा जमिनीला लागले की त्याला सोडवणे हे महिन्यांचे, प्रसंगी वर्षांचे आणि न्यायालयांचे काम होते. जमिनीला लागण्यापूर्वी मात्र ते काही तासांचे काम असते, आणि ते काम फक्त समर्थ टगच करू शकते.

समर्थ म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवे. बंदरात जहाजांना धक्क्याला लावणारी टग आणि खुल्या समुद्रात जाणारी टग यांत होडी आणि गलबताइतका फरक असतो. टगची ताकद तिच्या वेगात किंवा वजनात मोजत नाहीत. तिला धक्क्याच्या खुंटाला दोराने बांधून पूर्ण जोर लावायला सांगतात आणि दोरावर किती टनांचा ताण येतो ते पाहतात. पण ताकदीपेक्षाही अवघड गोष्ट दोर जोडण्याची असते. पावसाळी समुद्रात दोन नौका जवळ आणणे म्हणजे टक्कर ओढवून घेणे. म्हणून आधी बारीक दोरी फेकतात, तिला जाड दोरी, तिला त्याहून जाड, आणि शेवटी पोलादी दोर. निकामी जहाजावर तो ओढून घ्यायला माणसे आणि चालू यंत्र हवे. माणसे जहाज सोडून गेलेली असली तर हेलिकॉप्टरशिवाय गत्यंतर नाही. शिवाय दोर ताठ ठेवून चालत नाही. तो लांब सोडून पाण्याखाली झोका घेऊ द्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच मोठ्या लाटेला तुटतो. जून 2011 मध्ये भंगारासाठी अलंगला ओढून नेले जाणारे ‘विस्डम’ असेच दोर तुटून सुटले आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या धास्तीचे कारण होऊन शेवटी जुहूच्या वाळूत बसले.

नौदलाकडे या कामासाठी सागरगामी टग आहेत. त्यांतील ‘आयएनएस गज’ आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डची बांधणी, 2002 मध्ये नौदलात दाखल झालेली. तिच्याआधीची ‘आयएनएस मातंग’ कोलकात्याच्या गार्डन रीचची, 1983 मधली. दोन्ही नावांचा अर्थ हत्ती. नाव ठेवणाऱ्याने विचार केलेला दिसतो. बऱ्हाणपूरच्या तळावरून दख्खनेत उतरणाऱ्या मोगल फौजा तोफगाडे चिखलात रुतले की हत्तींनाच मागून डोक्याने रेटायला लावत. लढाईच्या वर्णनांत तोफांची नावे येतात. त्या हत्तींची येत नाहीत.

नौदलाच्या टगचेही तसेच आहे. सरावासाठी गोळीबाराचे लक्ष्य समुद्रात ओढत नेणे, बिघडलेल्या युद्धनौकेला तळावर परत आणणे, पाणबुड्यांना आधार देणे, ही तिची रोजची कामे. 1971 मध्ये कराचीवर मारा करणाऱ्या रशियन क्षेपणास्त्र बोटी भारतात आल्या, तेव्हा त्या उतरवण्याइतकी मोठी क्रेन मुंबईत नव्हती. त्या कोलकात्याला उतरवल्या आणि तेथून ओढत, सारा द्वीपकल्प वळसा घालून मुंबईला आणल्या. 4 डिसेंबरच्या रात्रीचा पराक्रम सर्वांना ठाऊक आहे; त्याआधीची ही खेप फार थोड्यांना.

दुसरे उदाहरण अधिक विषण्ण करणारे आहे. विमानवाहू ‘विराट’ सप्टेंबर 2020 मध्ये मुंबईहून अलंगकडे अखेरच्या प्रवासाला निघाली, तेव्हा तिला ओढणारी टग होती खासगी कंपनीची ‘वरप्रदा’. आठ महिन्यांनी, मे 2021 मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळात हीच वरप्रदा मुंबईसमोर बुडाली. तिच्यावर 13 माणसे होती, दोघे वाचले. त्याच वादळात ‘पी-305’ या बार्जवरील 261 पैकी 186 जणांना नौदलाने आणि इतर नौकांनी वाचवले, म्हणून देशाचे लक्ष स्वाभाविकपणे तिकडे होते. वरप्रदाची बातमी त्या मोठ्या बातमीच्या पोटात विरून गेली.

आता मूळ प्रश्न. गोव्याच्या समोर एखादे जहाज बंद पडले तर त्याला धरायला कोण येणार? गणित सोपे आहे. किनाऱ्यापासून वीस सागरी मैलांवर निकामी झालेले जहाज ताशी दोन मैलांनी भरकटले तर दहा तासांत वाळूला लागते. मुंबईहून मुरगावपर्यंतचे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. चांगल्या हवेत ताशी बारा मैलांनी येणाऱ्या टगला अठरा-एकोणीस तास लागतात, आणि जून-जुलैमध्ये हवा चांगली नसते. कोची त्याहूनही दूर. ही टग पोहोचेल तेव्हा ओढण्याचे नव्हे, पंचनाम्याचे काम शिल्लक असेल.

नौवहन महासंचालनालयाने पावसाळ्याच्या महिन्यांसाठी आपत्कालीन टग भाड्याने घेण्याची पद्धत सुरू केली, हे योग्यच झाले. ‘वॉटर लिली’ ही अशीच नौका तौक्तेमध्येही कामी आली आणि वान हायच्या वेळीही. पण ओशन सेराया मे महिन्यात आदळले आणि नू शी नलिनी ऑक्टोबरमध्ये सुटले. वादळे आता मोसमाच्या कडेलाच अधिक येतात. कंत्राट मात्र मोसमाच्या मध्याला धरून केलेले असते. नौदलावर सगळा भार टाकावा, असे म्हणणाऱ्यांनीही थोडे थांबावे. गेल्या काही वर्षांत नौदलात 25 टन क्षमतेच्या अनेक टग दाखल झाल्या, परंतु त्या मुख्यतः बंदरातल्या कामाच्या. सागरगामी टग मोजक्या, आणि त्यांना व्यापारी जहाजांच्या प्रतीक्षेत उभे करणे हे संरक्षणाच्या दृष्टीने परवडणारे नाही.

फ्रान्सने हा धडा फार महागात घेतला. मार्च 1978 मध्ये ‘अमोको कादिझ’ या तेलवाहू जहाजाचे सुकाणू ब्रिटनी किनाऱ्याजवळ बिघडले. मदतीला आलेली टग आणि जहाज यांच्यात बचावाच्या अटींवरून घासाघीस चालली, मग दोर तुटला, आणि दोन लाख टनांहून अधिक तेल किनाऱ्यावर आले. त्यानंतर फ्रान्स सरकारने बलाढ्य टग खासगी कंपनीकडून कायमस्वरूपी भाड्याने घेऊन नौदलाच्या हुकमतीखाली ब्रेस्टसारख्या बंदरांत ठेवल्या. वादळाचा इशारा आला की त्या धक्का सोडून समुद्रात जाऊन थांबतात. मालक आणि विमा कंपनी यांची बोलणी संपण्याची वाट न पाहता जहाज ओढायला घेण्याचा हुकूम देण्याचा अधिकार तेथील नौदल अधिकाऱ्याला आहे. आपल्याकडे 2025 मध्ये संसदेने 1958 चा जुना कायदा बदलून नवा व्यापारी नौवहन कायदा मंजूर केला. अवशेष हटवण्याची जबाबदारी आणि खर्चवसुली यांबाबत तो अधिक स्पष्ट आहे. रिव्हर प्रिन्सेसच्या वेळी असा कायदा असता तर बारा वर्षे लागली नसती, असे मानायला जागा आहे. पण ही सगळी तरतूद जहाज रुतल्यानंतरची झाली.

कारवारला नौदलाचा विस्तारलेला तळ आहे आणि मुरगावपासून तो काही तासांच्या अंतरावर आहे. वर्षभर सज्ज असलेली एक सागरगामी टग कारवार किंवा मुरगावला ठेवली, तिची हुकमत तटरक्षक दलाकडे दिली आणि खर्च पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत येणाऱ्या जहाजांकडून अल्प शुल्काने वसूल केला, तर रत्नागिरीपासून मंगळुरूपर्यंतचा आज उघडा पडलेला पट्टा झाकला जाईल. माझ्या मते मुरगाव अधिक सोयीचे. तेथे धक्के आहेत, दुरुस्तीसाठी शेजारीच गोवा शिपयार्ड आहे. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही सरकारांनी एकत्र येऊन केंद्राकडे ही मागणी करण्यास कोणतीही कायदेशीर अडचण दिसत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांत झाडे, नाले आणि वीजवाहिन्या यांचा आढावा दरवर्षी होतो. या वर्षीच्या बैठकीत मुरगावला सर्वांत जवळची सागरगामी टग कोठे आहे आणि तिला पोहोचायला किती तास लागतील, एवढे दोन प्रश्न कोणी तरी विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.