वहीवर सही आहे, पण वही वाचली कोणी?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतली एक मुलगी दवाखान्यात आली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. झोप लागत नाही, पोटात सारखे ढवळते अशी तक्रार. तपासले, काही आढळले नाही. सहज विचारले, "कॉलेज कसं चाललंय गं?" तर डोळे भरून आले. बारावीला वर्गात पहिली आलेली ही मुलगी शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत नापास झाली होती. घरी सांगितले नव्हते.

"मेंटर कोण दिलेत तुला?"

"आहेत ना काका, एक सर. यादीत नाव आहे. एकदा भेटले, आम्हा सगळ्यांना एकदम."

दुसऱ्या दिवशी मी तिला तिचे लॉगबुक आणायला सांगितले. २०१९ च्या तुकडीपासून देशभर एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला, लॉगबुक आले, आणि डॉक्टरची वागणूक व संवाद शिकवणारा 'एटकॉम' हा भाग आला. त्यात पहिल्या वर्षाला 'मृतदेह हा आपला पहिला गुरू' असा एक पाठ आहे. त्या अनुभवातून आपण काय शिकलो हे विद्यार्थ्याने लिहायचे असते. कल्पना उत्तम आहे. हिने लिहिले होते, 'मृतदेहाचा आदर राखावा हे शिकले.' खाली सही, तारीख.

"खरं काय वाटलं होतं पहिल्या दिवशी?"

"बोटं आमच्या आजोबांसारखी होती, काका. दोन दिवस जेवण गेलं नाही."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"मार्क कापले तर?"

वाचकहो, सगळे दुखणे या एका वाक्यात आहे. लॉगबुक म्हणजे काय काय केले याची नोंद. पोर्टफोलिओ निराळा. त्यात विद्यार्थी स्वतः निवडून ठेवतो : हे जमले, हे जमले नाही, इथे घाबरलो, पुढच्या महिन्यात हे करून पाहीन. तो कोणी तरी वाचायचा, आणि वाचून मुलाशी बोलायचे. वाचणारा नसेल तर ती नुसती रद्दी.

मी शिकलो तेव्हा पहिले एमबीबीएस दीड वर्षाचे होते. मराठी माध्यमातून गेलेलो. एका सरांनी तोंडी परीक्षेत माझ्या इंग्रजीवर सगळ्यांसमोर हसून घेतले, आणि मी ट्रंक भरायला घेतली. डिसेक्शन हॉलमधल्या एका तरुण शिक्षकांनी मला थांबवले. म्हणाले, "दर शनिवारी न समजलेल्या तीन गोष्टी वहीत लिहून आण. मराठीत लिही." ते लाल शाईने उत्तर लिहीत. कधी नुसते 'जेवतोस ना नीट?' एवढेच. ती वही अजून माझ्याकडे आहे. पोर्टफोलिओ हा शब्द तेव्हा आम्ही ऐकलाही नव्हता.

माझे मत स्पष्ट आहे. अशा लिखाणाला गुण देऊ नयेत, आणि वाचणारा शिक्षक त्या मुलाचा परीक्षक नसावा. शिक्षकांना वेळ कुठे आहे, असे म्हणतील. वर्गात दीडशे-दोनशे मुले असतात, हे खरे. पण एकाकडे आठ मुले दिली आणि महिन्याला प्रत्येकी दहा मिनिटे धरली, तर दीड तासही होत नाही. कमी पडत असतील तर गावातल्या आम्हा जुन्या डॉक्टरांना बोलवा. मी चहाच्या कपावर येईन.

पालकांनाही सांगणे आहे. फोनवर 'मार्क किती' याआधी 'तुझे मेंटर कधी भेटले' हे विचारा. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, फोन टाळत असेल तर सुट्टीची वाट पाहू नका, जाऊन भेटा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येते. मन घट्ट कर, हा सल्ला मात्र देऊ नका. ते औषध मी तीस वर्षांत कोणाला लागू पडलेले पाहिले नाही.

त्या मुलीने घरी सांगितले. वडील रागावले नाहीत, आईच रडली. मग तिने आजोबांच्या बोटांबद्दल दोन पाने लिहिली आणि धीर करून सरांकडे दिली. तीन आठवडे काहीच नाही. परवा फोन आला, सरांनी खाली चार ओळी लिहिल्या आहेत आणि गुरुवारी एकटीला भेटायला बोलावले आहे. चाचणी पुन्हा द्यायचीच आहे. पोटाचे विचारायला मी विसरलो.