मिठाच्या वाळवंटातील महागडा एकांत

हिऱ्यांच्या बाजारात मंदी आल्याने बोट्स्वानाची भिस्त आता वन्यजीव पर्यटनावर वाढत आहे. मात्र या पर्यटनाचा पैसा वाळवंटाच्या काठावरील गावांपर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील बोट्स्वाना हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे. लोकसंख्या मात्र जेमतेम २५ लाख. या देशाच्या ईशान्येस मकगाडीकगाडी नावाची मिठाची विस्तीर्ण मैदाने आहेत. हजारो वर्षांपूर्वी आटलेल्या एका प्रचंड सरोवराचा हा तळ. कोरड्या ऋतूत येथे क्षितिजापर्यंत गवताचे पातेही दिसत नाही. पावसाळ्यात त्याच जमिनीवर उथळ पाणी साचते आणि फ्लेमिंगोंचे थवे विणीसाठी उतरतात. या निर्मनुष्य प्रदेशाच्या काठावर गालिचे, जुन्या घाटाचे लाकडी सामान आणि पंचतारांकित भोजन असलेल्या तंबूंची मोजकी निवासस्थाने उभी आहेत. त्यांपैकी सर्वांत महागड्या ठिकाणी हंगामात एका रात्रीसाठी माणशी एक हजार डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागते.

हा दर केवळ व्यावसायिकांच्या नफेखोरीतून आलेला नाही. त्यामागे सरकारी धोरण आहे. बोट्स्वानाने १९९० च्या पर्यटन धोरणात थोड्या पर्यटकांकडून अधिक उत्पन्न मिळविण्याचा मार्ग स्वीकारला. स्वस्त पर्यटनाने गाड्यांची गर्दी आणि कचरा वाढतो, तो टाळावा हा त्यामागचा विचार. निसर्गरक्षणाच्या दृष्टीने त्याचे फळ मिळाले, हे मान्य करावेच लागेल.

हिऱ्यांची चमक ओसरली

१९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा बोट्स्वानाची गणना जगातील अतिगरीब देशांत होत असे. पुढच्याच वर्षी या मिठाच्या मैदानांच्या दक्षिणेस ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला आणि देशाचे चित्र पालटले. निर्यातीपैकी सुमारे ८० टक्के वाटा हिऱ्यांचा आणि सरकारी महसुलातही त्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश, अशी स्थिती अनेक वर्षे होती. सुरतेत पैलू पाडून मुंबईच्या बाजारात येणारे अनेक हिरे याच देशातील खाणींतून निघालेले असतात.

प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे आणि घटलेली जागतिक मागणी यांनी हा आधार डळमळीत केला. २०२४ मध्ये बोट्स्वानाची अर्थव्यवस्था आकुंचन पावली. त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष पराभूत होऊन डुमा बोको अध्यक्ष झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर औषधांच्या टंचाईमुळे त्यांना सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. अशा परिस्थितीत पर्यटनाकडे केवळ पूरक उत्पन्न म्हणून पाहणे सरकारला परवडणारे नाही.

वाटा कोणाचा?

येथेच खरी अडचण सुरू होते. महागड्या निवासस्थानांचे पाहुणे छोट्या विमानाने थेट येतात, त्यांचे आरक्षण बहुधा परदेशात होते आणि तंबूंतील अनेक वस्तूही बाहेरून येतात. गावाच्या वाट्याला मुख्यतः नोकऱ्या येतात. ओकाव्हांगो खोऱ्यातील अशा बंदिस्त पर्यटनाचे दोष बोट्स्वानातील अभ्यासक जोसेफ म्बाइवा यांनी पूर्वीच दाखवून दिले आहेत. दुसरीकडे बोतेती नदीकाठच्या पशुपालकांना राष्ट्रीय उद्यानातील सिंहांचा उपद्रव सोसावा लागतो. नुकसानभरपाईची सरकारी तरतूद आहे. पण दावणीचे जनावर गेल्यावर कुटुंबाचा आधारच जातो.

सामूहिक संसाधनांविषयीच्या २००७ च्या धोरणाने गावांच्या विश्वस्त संस्थांना अशा करारांतील उत्पन्नाचा ३५ टक्के हिस्सा ठेवण्याची मुभा दिली. उरलेले ६५ टक्के राष्ट्रीय निधीत जमा करावयाचे ठरले. वन्यजीव ही राष्ट्राची संपत्ती, हा युक्तिवाद तत्त्वतः खोटा नाही. परंतु सिंहांचा त्रास ज्याला होतो त्याचा वाटा लहान असणे न्याय्य कसे ठरेल?

याहून कटू अनुभव मैदानांच्या नैऋत्येस असलेल्या मध्य कलाहारी अभयारण्याचा आहे. तेथील मूळ रहिवासी सान, म्हणजेच बसार्वा, लोकांना १९९७ आणि २००२ मध्ये अभयारण्याबाहेर हलविण्यात आले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरविली. तरीही परतलेल्यांना कूपनलिका वापरण्याचा हक्क मिळण्यासाठी २०११ च्या अपील न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावे लागले. दरम्यान, त्याच अभयारण्यात २००९ मध्ये पर्यटकांसाठी खासगी निवासस्थान सुरू झाले होते. आज मकगाडीकगाडीत सान वाटाड्यांबरोबरची पायी फेरी हे पाहुण्यांचे मोठे आकर्षण आहे. त्यांच्या ज्ञानाला किंमत आली. जमिनीवरील हक्काला मात्र न्यायालयाची पायरी चढावी लागली.

कुंपण हटू शकते

धोरणे बदलता येतात, याचा पुरावाही याच प्रदेशात आहे. जनावरांना रोगाची लागण होऊ नये म्हणून १९६८ मध्ये घातलेल्या कुंपणाने ओकाव्हांगो आणि मकगाडीकगाडी यांमधील झेब्र्यांचा मार्ग तोडला होता. २००४ मध्ये कुंपण निघाले. जुनी वाट पाहिलेला एकही झेब्रा तोवर जिवंत असणे शक्य नव्हते. तरीही काही वर्षांतच कळप पुन्हा त्याच वाटेने जाऊ लागल्याचे संशोधकांना आढळले.

गावांच्या बाबतीतही पर्याय उपलब्ध आहे. सुआ मैदानातील गोरखचिंचेच्या वृक्षांनी वेढलेला लेखुबू हा खडकाळ उंचवटा राष्ट्रीय स्मारक असून तेथील तळाची व्यवस्था जवळच्या म्माचुमो गावाची विश्वस्त संस्था पाहते. नाटा येथील पक्षी अभयारण्यही स्थानिक संस्थेच्या हाती आहे. तेथील शुल्क आलिशान तंबूंच्या तुलनेत नगण्य असले तरी त्याचा हिशेब गावात होतो.

या छोट्या उपक्रमांतून हिऱ्यांची तूट भरून निघणार नाही, हे उघड आहे. महागडे पर्यटन बोट्स्वानाला लागणारच. मात्र त्याच्या प्रत्येक करारात गावाची भागीदारी नोकरीपुरती न ठेवता मालकीपर्यंत नेणे बोको सरकारला शक्य आहे. ते न झाल्यास वन्यजीव म्हणजे परक्यांची करमणूक आणि आपले नुकसान, ही भावना गावांत बळावेल. मग ज्या एकांतासाठी पाहुणे हजारो डॉलर मोजतात, तो राखण्यासाठी गावकऱ्यांची साथ मिळेलच, अशी खात्री देता येणार नाही.