खाडीकाठ : भिंतीवरची रेघ पुसू नका

जुलै २०१८ च्या पुराचा विषय निघाला की वसई-विरारमध्ये प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतं. रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या. नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांच्या मदतीला एनडीआरएफचे जवान आले. वसईच्या मिठागर वस्तीत सुमारे ४०० माणसं अडकून पडली. वीज गेली, मोबाइल मान टाकू लागले आणि लोक ट्रॅक्टरमधून दूध-पाव आणायला निघाले. त्या दिवसांत अनोळखी माणसांनी एकमेकांना घरात घेतलं, जेवू घातलं. ते विसरता कामा नये.

पण आठवणीत माणुसकी उरली आणि पाण्याचं कारण मात्र वाहून गेलं, याचा मला राग येतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा पाऊस कुठलंही शहर बुडवील. आपल्याकडे २०१८ मध्ये मात्र पाऊस ओसरल्यावरही पाणी हटेना. का? पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. डोंगरावरून उतरणारं पाणी रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्यांतून वाट काढतं, आणि भरती असली की खाडी ते आत घेत नाही. ओहोटीपर्यंत त्याला थांबायला जागा लागते. ती जागा म्हणजे भातशेती, मिठागरं, पाणथळी. पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांत बावखलं होती. पावसाचं पाणी तिथे साठायचं, विहिरींना पाझरायचं. आपण त्यातली किती बुजवली आणि त्यावर किती मजले चढवले, हे डोळ्यांसमोर आहे.

१८८८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क बर्फाच्या वादळात ठप्प झालं. तारांचे खांब कोसळले, उन्नत मार्गावरच्या गाड्या अडकल्या. त्या शहराने पुढे तारा जमिनीखाली नेल्या आणि १९०४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू केली. संकटाची आठवण तिथे कामाला लागली.

आपल्याकडे निरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांनी अभ्यास करून धारण तलाव, म्हणजे पुराचं पाणी थांबवून ठेवणारे तलाव, सुचवले. पावसाळा आला की चर्चा मात्र नालेसफाईचीच होते. नाले साफ हवेतच. पण खाडी भरलेली असताना साफ नाल्यातलं पाणी जाणार कुठे?

सखल भागातल्या जुन्या इमारतींच्या जिन्यात मीटरच्या पेटीजवळ पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ दिसते. रंगकामात ती पुसली जाते. सोसायट्यांनो, ती राखा, शेजारी तारीख लिहा. घर घ्यायला येणाऱ्याला ती दिसू द्या. आणि महापालिकेला लेखी विचारा : आपल्या प्रभागात धारण तलावाची जागा कोणती, तिचा सर्व्हे नंबर काय, आणि आज तिच्यावर काय उभं आहे?