दुकानात स्कॅनर आला, गिऱ्हाईक मात्र तेच!

तालुक्याच्या आठवडी बाजारात दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी घेतली, तरी विक्रेती बाई आता स्कॅनर पुढे करते. पानटपरी, पंक्चरवाला, रसवंती, खताचं दुकान, सगळीकडे तो छोटा डबा पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगतोय. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओचं स्वस्त इंटरनेट आलं आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले यूपीआय व्यवहार पहिल्यांदाच २ हजार कोटींच्या पुढे गेले.

कौतुकाचीच गोष्ट आहे. पण यातला साधा प्रश्न बाजूलाच राहतो. या स्कॅनरमुळे त्या दुकानदाराला गावाबाहेरचं एक तरी नवं गिऱ्हाईक मिळालं का? पैसे घ्यायची पद्धत बदलली, माल विकायची पद्धत होती तीच आहे. बाकीच्या देशांत छोट्या धंदेवाल्यांनी हे तंत्र कशासाठी वापरलं, ते पाहिलं की आपण कुठं अडलोय ते कळतं.

केनिया : आधी पैसे, मग कर्ज

केनियात सफारीकॉम कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू केलं. शहरात कामाला गेलेल्या माणसाला गावी पैसे पाठवायचे आणि बँक तर लांब, ही तिथली अडचण. त्यासाठी इंटरनेटही लागत नव्हतं, साधा बटणाचा फोन चालायचा. गावोगावचे दुकानदार एजंट झाले. रोख घेऊन खात्यात भरायची, खात्यातून काढून द्यायची आणि त्यावर कमिशन मिळवायचं. म्हणजे दुकानदाराला नवा धंदाच मिळाला.

पुढे २०१२ पासून फोनवरच्या व्यवहारांच्या नोंदी बघून विनातारण छोटं कर्जही मिळायला लागलं. पण मग कर्ज देणाऱ्या ॲपांचं पीक आलं. हप्ता थकला की कर्जदाराच्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना फोन सुरू. शेवटी २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेला नियम करावे लागले. असल्या ॲपांचा जाच आपल्याकडच्या पोरांनीही भोगलाय.

चीन : खेड्यातून थेट देशभर

चीनमध्ये गाडी उलट्या बाजूने सुरू झाली, आधी विक्री. अलिबाबाने २००३ मध्ये ताओबाओ हा ऑनलाइन बाजार काढला. पण न बघितलेल्या माणसाला आगाऊ पैसे देणार कोण? म्हणून २००४ मध्ये अलिपे आलं. गिऱ्हाइकाचे पैसे मधल्यामध्ये थांबायचे, माल हातात पडून पसंत पडला की मगच विकणाऱ्याला मिळायचे. भरवशाचा प्रश्न असा सुटला.

ज्यांग्सू प्रांतातल्या डोंगफेंग नावाच्या खेड्यात २००६ च्या सुमाराला एका तरुणाने साधं लाकडी फर्निचर ऑनलाइन विकायला सुरुवात केली. त्याचं बघून शेजारी, मग अख्खं गाव त्यात उतरलं. मागोमाग सुतारकाम, पॅकिंग, कुरिअर आलं. वर्षाला १ कोटी युआनची ऑनलाइन विक्री आणि किमान १०० चालू दुकानं (किंवा दहा टक्के घरांची दुकानं) असतील, तर अलिबाबा त्या गावाला ‘ताओबाओ गाव’ म्हणते. २००९ मध्ये अशी ३ गावं होती, २०२० मध्ये ५,४२५ झाली.

तोटेही झालेच. एकाच गावात सगळ्यांचा माल सारखा, म्हणून भाव पाडण्याची चढाओढ लागली. आणि सगळी दोरी एका कंपनीच्या हातात.

जर्मनी : पैसा आहे, घाई नाही

श्रीमंत देश सगळ्यात पुढे असतात, असंही नाही. जर्मनीत २०२३ मध्ये दुकानांतले निम्म्याहून थोडे जास्त व्यवहार रोखीनेच झाले. धंद्यातली बिलं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात स्वीकारण्याची सोय ठेवणं तिथल्या सगळ्या उद्योगांना बंधनकारक झालं, ते थेट १ जानेवारी २०२५ पासून. जुनी पद्धत नीट चालत होती, म्हणून कुणी हलवली नाही. थोडक्यात, अडचण सुटत असेल तिथंच नवं तंत्र मुरतं.

आपलं घोडं कुठं अडलं?

आपल्याकडे सुट्ट्यांची कटकट मिटली, बँकेच्या फेऱ्या वाचल्या. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, हे मोठं कारण. पण फुकट म्हणजे खर्चच नाही असं नसतं. छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांसाठी केंद्राने २०२४-२५ या वर्षाकरता सुमारे १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. उद्या ही मदत आटली तर भार कुणावर, हा प्रश्न उभाच आहे.

दुसरी भीती कराची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी बघून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरूत अनेकांनी स्कॅनर काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. यातून धडा एकच. दुकानाचं खातं वेगळं ठेवा. भिशीचे, पाहुण्यांनी पाठवलेले, उसने घेतलेले पैसे त्याच स्कॅनरवर घेतले तर उद्या उलाढाल किती हे सांगताना नाकी नऊ येतील. नुसत्या मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे. ताजी भाजी तर करमुक्तच, पण कागद दाखवावा लागतो.

खरा अडसर विक्रीचा. ई-नाम एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं, राज्यातल्या शंभराहून जास्त बाजार समित्या त्यात आहेत. पण लांबचा व्यापारी न बघता बोली लावेल कशी? त्यासाठी मालाची प्रतवारी आणि तपासणी चोख हवी. ती नसेल तर संगणकावरही बोली लावणारे तेच स्थानिक आडत्याकडचे चेहरे. चीनने जो भरवशाचा प्रश्न आधी सोडवला, तो आपण शेवटाला ठेवलाय.

चिनी खेड्यांकडून घेण्यासारखं आणखी एक आहे. त्यांनी फर्निचर, कपडे असा टिकणारा माल आधी विकला. आपला टोमॅटो कुरिअरने जाणार नाही. हळद, बेदाणा, गूळ, पापड, काळा मसाला जाईल. ऑनलाइन बाजारात माल विकायला पूर्वी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात विकताना ती लागत नाही, नुसता नावनोंदणी क्रमांक पुरतो. खाण्याच्या मालाला अन्नसुरक्षा परवाना मात्र हवाच.

एकट्या बचत गटाला किंवा एकट्या शेतकऱ्याला हे झेपणारं नाही. एकसारखी प्रत, एकसारखं पॅकिंग आणि वेळेवर पाठवणी हे उत्पादक कंपनी किंवा पाच-सहा गट मिळूनच जमेल. बाजार समितीच्या पुढच्या सभेत सभासदांनी प्रतवारीचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस कधी येणार, हे नेमकं विचारायला हवं. नाहीतर डबा पैसे आल्याचं ओरडत राहील आणि भाव दुसराच कुणीतरी ठरवेल.