कारकुनाचा सदरा आणि पराक्रमाचा पोशाख

पडद्यावरील अतिमानवी नायकाला आकाशात उडता येते, धावती आगगाडी हाताने थोपविता येते, भिंतीपलीकडचेही दिसते. परंतु कपडे बदलावयाचे झाले की त्यालाही सामान्य माणसासारखा आडोसा शोधावा लागतो. या विसंगतीतील गंमत बालप्रेक्षकांच्याही ध्यानात येते. तिच्यात दडलेला सामाजिक विचार मात्र प्रौढांच्याही ध्यानात सहसा येत नाही. नायक कोठे लपतो, का लपतो आणि त्याचे हे लपणे पाहणाऱ्याला काय शिकविते, हे प्रश्न निव्वळ करमणुकीचे म्हणून सोडून देणे बरे नव्हे. वसई-विरारसारख्या, आपल्या पाण्यासाठी आणि हिरवळीसाठी दीर्घकाळ झगडलेल्या भागात तर मुळीच नव्हे.

आडोशाचे अर्थशास्त्र

जून १९३८ च्या एका अमेरिकन चित्रकथामासिकातून सुपरमॅन अवतरला. त्याचे रोजचे रूप वृत्तपत्राच्या कचेरीतील बुजऱ्या, चष्मा लावणाऱ्या बातमीदाराचे. १९४१ सालच्या एका व्यंगचित्रपटात तो टेलिफोनच्या बूथमध्ये शिरून वेश बदलतो आणि तेव्हापासून तो बूथ त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला. १९७८ च्या चित्रपटात दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनी याच संकेताची थट्टा केली. नायक घाईघाईने टेलिफोनपाशी येतो. पण तेथे बंद खोली नाही, केवळ खांबावरची उघडी चौकट आहे. तो क्षणभर तिच्याकडे पाहतो आणि अखेर एका इमारतीच्या गोल फिरणाऱ्या दाराचा आश्रय घेतो. बॅटमॅनला ही विवंचना नाही. १९६६ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत शेक्सपिअरच्या अर्धपुतळ्यात दडविलेली कळ दाबली की पुस्तकांचे कपाट सरकते, मागे खांब दिसतात आणि त्यांवरून खाली घसरेपर्यंत पोशाख अंगावर चढलेला असतो. गडगंज धनिकाला स्वतःचे तळघर आणि नोकरदाराला सार्वजनिक टेलिफोनची चौकट! कल्पनेच्या राज्यातही एकांताची वाटणी उत्पन्नाच्या प्रमाणातच होते.

या आडोशामागे निर्मात्याचाही व्यवहार आहे. अंगाला घट्ट बसणारा पोशाख चढवावयास वेळ लागतो आणि ते दृश्य जसेच्या तसे दाखविले तर वीररसाचा हास्यरस होईल. म्हणून नट दाराआड जातो, चित्रफीत तेथे कापली जाते आणि पुढच्या तुकड्यात तो सजून बाहेर पडतो. दार नसेल तर गिरकी असते. १९७५ नंतर गाजलेल्या 'वंडर वुमन' मालिकेतील नायिका स्वतःभोवती फिरे आणि तिचा वेश पालटे. १९९७ पासून दूरदर्शनवर आलेला 'शक्तिमान'ही तसाच गरगरा फिरे. दोन कपड्यांमधील सांधा त्या गिरकीत बेमालूम मिटून जाई. कमी खर्चात साधलेली ही युक्ती घराघरांतील मुलांनी अंगणात गोल फिरून आपलीशी केली.

देशी नायकांचे मुखवटे

भारतीय पडद्याला ही कल्पना परकी नव्हती. १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने काढलेल्या 'हंटरवाली'त नादिया यांनी रंगविलेली राजकन्या मुखवटा चढवून जुलमी सत्तेशी झुंजते. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'तील अरुण हा अनाथ मुलांचा सांभाळ करताना किराणा आणि घरभाडे यांनी मेटाकुटीस आलेला माणूस. त्याला पोशाख लागत नाही. तो दिसेनासाच होतो. सामान्य माणूस व्यवस्थेला तसाही दिसत नाही, या अनुभवाला त्या चित्रपटाने जणू शस्त्राचे रूप दिले. १९८८ च्या 'शहेनशाह'मधील फौजदार दिवसा लाचखाऊ आणि भित्र्या माणसाचे सोंग घेतो व रात्री न्याय करावयास निघतो. या सोंगावर प्रेक्षकांनी शंका घेतली नाही, हे विशेष. भ्रष्टाचार हाच सर्वांत सुरक्षित वेश, असे ज्या समाजाला सहज पटते, त्या समाजाविषयी हे दृश्य पुष्कळ काही सांगून जाते. २००६ च्या 'क्रिश'मध्ये सर्कशीला लागलेल्या आगीत सापडलेल्या मुलांना वाचविण्यासाठी नायक जमिनीवर पडलेला एक फुटका मुखवटा उचलून चेहऱ्यावर चढवितो. मराठीतही २०१५ साली श्रेयस तळपदे यांचा 'बाजी' येऊन गेला.

कणा ताठ होण्याची क्रिया

या साऱ्या रूपांतरांत सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग कोणता, असे विचारले तर उत्तर पोशाखाच्या दृश्यांत मिळणार नाही. १९७८ च्या त्याच चित्रपटात क्रिस्तोफर रीव्ह हा नट नायिकेच्या घरात क्षणभर एकटा असतो. तो चष्मा काढतो, वाकलेले खांदे सरळ करतो, आवाज खाली आणतो आणि कपडे तेच असूनही प्रेक्षकांसमोर दुसराच पुरुष उभा राहतो. मग धीर खचतो, खांदे पुन्हा झुकतात आणि चष्मा डोळ्यांवर चढतो. रूपांतर पोशाखाचे नसते, कण्याचे असते, हे त्या काही क्षणांत कळते.

अतिमानवी कथांचे खरे आकर्षण येथेच आहे. फायलींत मान घातलेला कारकून, खडूने हात माखलेला मास्तर, मागच्या बाकावरचा विद्यार्थी यांच्या सदऱ्याआडच सामर्थ्य आहे, असे या कथा सांगतात. हा विचार लोकशाहीला पोषक आहे. परंतु त्याच दमात या कथा दुसरेही काही शिकवितात: ते सामर्थ्य एकट्याने, चोरून आणि कोणालाही उत्तर देण्यास बांधील न राहता वापरावयाचे असते. पहिला धडा जितका हितकर, तितकाच दुसरा घातक. कोणी अनाम वीर येऊन काम उरकून जाणार असेल, तर बाकीच्यांनी हातपाय हलविण्याचे कारणच उरत नाही. फुकट मिळणाऱ्या सार्वजनिक हिताची किंमत अशी सार्वजनिक आळसात मोजावी लागते. शिवाय मुखवट्याआडचा न्यायाधीश चुकला, तर दाद कोणाकडे मागावयाची?

अज्ञातवासाची मुदत

महाभारताने वेशांतराचा विचार अधिक जबाबदारीने केला आहे. पांडवांनी शस्त्रे शमीच्या झाडावर दडविली. भीम बल्लव होऊन विराटाच्या मुदपाकखान्यात शिरला, अर्जुन बृहन्नडा झाला. परंतु त्या लपण्याला एका वर्षाची मुदत होती आणि मुदत संपताच आपापल्या नावाने उभे राहणे भाग होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०७ च्या 'कीचकवध' नाटकात बल्लवाच्या वेशातील भीम पाहताना प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही तो दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. मुद्रणस्वातंत्र्य नसलेल्या परतंत्र देशात राजकीय विचाराला पौराणिक वेश घ्यावा लागला, हे समजण्यासारखे आहे. पांडव वनवासात शूर्पारकास, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यास, आले होते आणि विरारच्या जीवदानी डोंगरातील गुंफा त्यांनीच कोरल्या, अशी या परिसरातील लोकश्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग सोडला तरी तिच्यातील बोध घेण्याजोगा आहे: वीरांनाही आडोसा लागतो, पण तो त्यांचा कायमचा पत्ता नसतो.

उघड्या चेहऱ्यांची चळवळ

२०१८ च्या 'भावेश जोशी सुपरहीरो' या हिंदी चित्रपटात मुंबईचे काही तरुण डोक्यावर कागदी पिशव्या चढवून अन्यायाशी झुंजू लागतात आणि पुढे त्यांची गाठ पाणीचोरांच्या टोळीशी पडते. हा विषय वसईकरांना नवा नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून येथील हरित पट्टा इमारतींसाठी मोकळा होऊ लागला आणि बावखले व विहिरींचे पाणी टँकरने वाहून जाऊ लागले, तेव्हा 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली. तिचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू होते, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते आणि पुढे २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी वा त्यांच्यासोबत मोर्चात चाललेल्या बागायतदारांनी, शिक्षकांनी आणि गृहिणींनी चेहरा झाकला नव्हता. गावात प्रत्येक जण त्यांना नावाने ओळखत होता आणि हीच त्या चळवळीची ताकद होती. वाढते नागरीकरण तिला पूर्णपणे रोखता आले नाही, हे खरे; परंतु या प्रश्नांचा जाब विचारता येतो, हे तिने एका पिढीला शिकविले.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. उघड चेहऱ्याने लढणाऱ्याला किंमत मोजावी लागते. माहितीच्या अधिकाराच्या बळावर जमीन-व्यवहार उजेडात आणणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही, पण संपर्कापुरते नाव आणि पत्ता द्यावाच लागतो. सुपरमॅनला तो अर्ज करता येणार नाही. तो कारकुनालाच करावा लागेल. अशा वेळी दुर्बलाने आडोसा मागणे हा भित्रेपणा नव्हे. मात्र तो आडोसा त्याला कायद्याने दिला पाहिजे. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला. तो अमलात आणणारी अधिसूचना मात्र वर्षानुवर्षे रखडली. तक्रारदाराचे नाव गुप्त राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते शासन पार पाडीत नाही, म्हणूनच प्रेक्षकगृहातल्या काळोखात मुखवट्याला टाळ्या पडतात.

मुलांनी गिरक्या जरूर घ्याव्यात. त्या वयाचा तो हक्कच आहे. परंतु त्या गिरकीनंतर काय, हे त्यांना शाळेत आणि घरात कोणीतरी सांगितले पाहिजे. विरारहून सकाळच्या लोकलमध्ये कसाबसा पाय ठेवणारा नोकरदार संध्याकाळी त्याच चुरगळलेल्या सदऱ्यात परततो. त्या सदऱ्यानिशीच तो सोसायटीच्या सभेत उभा राहून हिशेब विचारू शकतो, महापालिकेच्या कचेरीत पाण्याविषयीच्या अर्जावर पूर्ण नावानिशी सही करू शकतो आणि शेजाऱ्यालाही सही करावयास लावू शकतो. त्यासाठी बूथ लागत नाही, खांब लागत नाही, गिरकीही लागत नाही. झुकलेले खांदे मात्र सरळ करावे लागतात.