सिन्नर नगरपरिषद : कोकाटे की वाजे, यापेक्षा नळाचं बोला

सिन्नर : नगरपरिषद निवडणुकीचे अर्ज भरायला सोमवारी (१० नोव्हेंबर २०२५) सुरुवात झाली. १७ तारखेपर्यंत अर्ज भरायची मुदत होती आणि २ डिसेंबरला मतदान ठरलं होतं. चहाच्या टपरीवर, बाजार समितीत, एसटी स्टँडवर एकच चर्चा सुरू आहे. यंदा कोण? कोकाटे की वाजे?

गंमत म्हणजे या दोघांपैकी कुणीच नगराध्यक्षपदाला उभं नाही. माणिकराव कोकाटे २०२५ मध्ये राज्यात मंत्री होते, राजाभाऊ वाजे नाशिकचे खासदार. तरी उमेदवाराची ओळख त्याच्या नावाने होत नाही, "तो साहेबांचा" किंवा "तो भाऊंचा" अशी होते. असं का झालं ते समजून घ्यायचं तर कोकाटेंची २६ वर्षांची कारकीर्द बघावी लागते.

पक्ष चार, आमदारकी पाच वेळा

सोमठाण्याचे कोकाटे १९९९ मध्ये शिवसेनेकडून पहिल्यांदा आमदार झाले. तेव्हा त्यांनी माजी राज्यमंत्री तुकाराम दिघोळे यांना हरवलं. २००४ ला पुन्हा शिवसेनेकडूनच निवडून आले. २००९ ला काँग्रेसकडून लढले, तरीही जिंकले. २०१४ ला भाजपकडून उभे राहिले आणि शिवसेनेच्या राजाभाऊ वाजेंनी त्यांना सुमारे २० हजार मतांनी पाडलं.

२०१९ ला नाशिकची लोकसभेची जागा युतीत शिवसेनेकडे गेली. कोकाटे अपक्ष लढले आणि हरले, पण एक लाखाच्या वर मतं घेतली. त्याच वर्षी विधानसभेला राष्ट्रवादीच्या घड्याळावर ते उभे राहिले आणि वाजेंना फक्त २,०७२ मतांनी हरवलं. राष्ट्रवादी फुटल्यावर ते अजित पवारांसोबत गेले. २०२४ ला ४०,८८४ मतांनी पाचव्यांदा आमदार झाले आणि डिसेंबरमध्ये कृषिमंत्री.

म्हणजे धनुष्यबाण, हात, कमळ, घड्याळ अशी चार चिन्हं झाली. त्यातल्या तीन चिन्हांवर सिन्नरने त्यांना निवडून दिलं. याचा अर्थ सरळ आहे. इथली बरीच मतं पक्षाची नसून माणसाच्या गटाची आहेत. कार्यकर्ता झेंडा बदलतो, गट बदलत नाही.

मे महिन्यात वाजे, नोव्हेंबरात कोकाटे

वाजेंच्या घरात आमदारकी आजी-आजोबांपासूनची. मे २०२४ मध्ये ते उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून लोकसभेला उभे राहिले आणि हेमंत गोडसेंना १ लाख ६२ हजार मतांनी हरवलं. त्यातलं सव्वा लाखाहून जास्त मताधिक्य एकट्या सिन्नरने दिलं. तेव्हा कोकाटे महायुतीत, म्हणजे गोडसेंच्या बाजूला होते. तालुक्याने आमदाराचं ऐकलं नाही, "आपला माणूस दिल्लीला जातोय" एवढंच पाहिलं. सहा महिन्यांनी त्याच तालुक्याने कोकाटेंना ४० हजारांच्या फरकाने मुंबईला पाठवलं.

यावरून सिन्नरचा मतदार कुणाचा गुलाम नाही, हे कळतं. दिल्लीसाठी एक हिशोब, मुंबईसाठी दुसरा. मग नगरपरिषदेसाठी तिसरा हिशोब का नको?

मंत्रिपद आणि वाद

यंदाचं वर्ष कोकाटेंना जड गेलं. फेब्रुवारीत नाशिकच्या कोर्टाने १९९५ च्या सरकारी कोट्यातल्या फ्लॅट प्रकरणात त्यांना आणि त्यांच्या भावाला दोन वर्षांची शिक्षा सुनावली. तक्रार दिघोळेंनीच केली होती. त्या निकालाविरुद्ध कोकाटेंनी अपील केलं. एक रुपयातल्या पीक विम्याबद्दल बोलताना भिकाऱ्याची उपमा दिल्याने शेतकरी नाराज झाले. जुलैमध्ये विधान परिषदेत मोबाईलवर पत्ते खेळत असल्याचा व्हिडिओ रोहित पवारांनी टाकला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं कोकाटेंचं म्हणणं. जुलै संपता संपता कृषी खातं दत्तात्रय भरणेंकडे गेलं आणि कोकाटेंना क्रीडा खातं मिळालं.

म्हणून मुंबई-नाशिकचे पत्रकार ही निवडणूक "कोकाटेंची परीक्षा" म्हणून बघतायत. वाजे गटालाही ती तशीच हवी आहे. पण नगरपरिषदेच्या मतपत्रिकेवर ना पीक विमा आहे ना व्हिडिओ. नेत्याला धडा शिकवायचा किंवा नेत्याचा हात बळकट करायचा म्हणून दिलेल्या मताचा परिणाम मात्र पाच वर्षं गल्लीत भोगावा लागतो.

नगरसेवकच नव्हता तेव्हा

मागची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली. वाजे तेव्हा आमदार होते आणि शिवसेनेचे किरण डगळे थेट जनतेतून नगराध्यक्ष झाले. ती मुदत संपल्यावर ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेची प्रकरणं कोर्टात अडकली. जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हातात राहिला. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितलं, म्हणून राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींना मुहूर्त लागला.

या चार वर्षांत काय झालं ते आठवा. सप्टेंबर २०२२ मध्ये जोरदार पाऊस झाला आणि सरस्वती नदीचं पाणी शहरात घुसलं. दुकानं, घरं, टपऱ्या पाण्यात गेल्या. त्या वेळी प्रभागातल्या माणसाने कुणाचं दार ठोठवायचं? निवडून दिलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. नाल्यावरचं अतिक्रमण, गाळ, पूल यावर सभेत उभं राहून प्रश्न विचारणारा कुणी नव्हता. प्रशासक सही करतो, पण मत मागायला दारात येत नाही. त्यामुळे लोकांना तो घाबरतही नाही.

कुणाचं काम काय

मतदारांचा गोंधळ इथेच होतो. आमदार राज्याकडून निधी आणू शकतो, मंत्र्याकडे फाईल पुढे सरकवू शकतो. खासदार रेल्वे, महामार्ग, केंद्राच्या योजना बघतो. पण नळाला पाणी किती दिवसांनी येणार, गटार कोण काढणार, कचऱ्याची गाडी येणार की नाही, पथदिवे, गल्लीतला रस्ता, बांधकामाची परवानगी, घरपट्टी हे सगळं नगरपरिषदेचं काम. निधी आणला आमदाराने, तरी ठेका, कामाचा दर्जा आणि बिल बघायचं नगरपरिषदेनेच.

कडवा धरणावरच्या पाणी योजनेचं श्रेय घ्यायला दोन्ही गट पुढे असतात. योजना कुणी आणली यावर भांडण खूप झालं. रोज किती पाणी येतं, किती गळतं, उपनगरात शेवटच्या नळापर्यंत किती पोचतं, याचं उत्तर नगराध्यक्षाने द्यायचं असतं. ते उत्तर "साहेबांना विचारून सांगतो" असं असेल तर तो नगराध्यक्ष काय कामाचा?

आणखी एक. यंदा नगराध्यक्ष थेट निवडायचा आहे आणि प्रभागातले नगरसेवक वेगळे. म्हणजे एकाच मतदाराने एकापेक्षा जास्त मतं द्यायची आहेत. अध्यक्ष एका गटाचा आणि जास्त नगरसेवक दुसऱ्या गटाचे, असंही होऊ शकतं. दोघं गटासाठी भांडत बसले तर सभा तहकूब होतील आणि विषय पडून राहतील. कामाचे असतील तर हाच एकमेकांवर वचक ठरेल.

खेड्यातल्या माणसाला काय त्याचं?

वावी, पाथरे, नांदूरशिंगोटे, ठाणगाव, डुबेरे इथल्या लोकांना या निवडणुकीत मत नाही. पण आठवडे बाजार, दवाखाना, कॉलेज, तहसील सिन्नरलाच. माळेगाव आणि मुसळगावच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं शहरातल्या उपनगरांत भाड्याने राहतात. कित्येकांनी तिथे प्लॉट घेतलेत. शहराचं पाणी आणि रस्ते हा निम्म्या तालुक्याचा प्रश्न आहे.

शिवाय जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतही मार्च २०२२ मध्ये प्रशासकच आला. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२६ पर्यंत सगळ्या निवडणुका उरकायला सांगितलं होतं. म्हणजे आज शहरात जे चाललंय ते उद्या गटा-गणात येणार. तेच दोन गट, तेच फ्लेक्स.

दारात आला की विचारा

उमेदवार हात जोडून येईल तेव्हा चार गोष्टी विचारायला हरकत नाही. आमच्या प्रभागात पाणी किती दिवसांनी येतं हे तुम्हाला माहीत आहे का? पुन्हा २०२२ सारखा पूर आला तर सरस्वतीच्या काठावर तुम्ही आधी काय करणार? नगरपरिषदेचा जमाखर्च लोकांसमोर मांडाल का? आणि तुमच्या नेत्याने उद्या पक्ष बदलला तर तुम्ही कुणाचे?

शेवटचा प्रश्न सिन्नरमध्ये हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नेत्यांनी पक्ष बदलले तरी त्यांचं बिघडलं नाही, कारण ते स्वतःच्या नावावर मतं घेतात. त्यांच्या नावावर निवडून येणाऱ्याचं तसं नसतं. त्याच्याकडे स्वतःचं म्हणून दाखवायला फक्त काम असतं. ते काय करणार, एवढं त्याच्याकडून २ डिसेंबरच्या आत वदवून घ्यायला हवं.